सातबारा आहे, नाव नाही

जुलैचा तिसरा आठवडा होता. लावणीची घाई, वरून धो धो पाऊस, आणि माहेरून वहिनीचा फोन. "ताई, कॉम्प्युटर काळाच पडलाय. चार ओळी इंग्रजीत येतात आणि तिथंच थांबतो." लाईट किती वेळा गेली, मी विचारलं. "मोजली नाही," ती म्हणाली.

माझं माहेर तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका वाडीत. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. घरात पडवीलगतच्या खोलीत, कणगीच्या शेजारी एक कॉम्प्युटर आहे. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीला आधार देणं थांबवलं, त्या वर्षी भाच्याने त्यावर लिनक्स घातलं. जुनं यंत्र त्यावर हलकं चालायला लागलं आणि दादाला ते मानवलं. भाताचा हिशेब, सोसायटीची कागदं, सातबाऱ्यांच्या प्रती, लग्नाचे फोटो असं सगळं त्यात साठत गेलं. आणि एका फोल्डरात आईच्या जात्यावरच्या ओव्या. २०१५ ते २०१८ या काळात, मी माहेरी जाईन तेव्हा, हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर घेतलेल्या. २१२ फाइली. पहिल्या चाळीसेक फाइलींची प्रत पुण्यात माझ्यापाशी होती. बाकीच्या फक्त तिथे. आई २०१९ मध्ये गेली.

ओव्या गोळा करायचं माझ्या डोक्यात आलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामामुळे. शेजारच्या मुळशी खोऱ्यापासून त्यांनी बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली आणि ते काम गावोगाव पसरत एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेलं. त्यांच्या कामात कागदावरची नोंद होती, ध्वनिमुद्रण होतं, संगणकावरची यादी होती. एकच ओवी तीन ठिकाणी. ही तीन ठिकाणं मला तेव्हा फक्त मेहनतीची खूण वाटली होती.

दुसऱ्या दिवशी नसरापूरमार्गे एसटीने वाडी गाठली. पडद्यावर 'बिझीबॉक्स' असं लिहिलेलं, खाली कंसात 'इनिटरॅमएफएस' आणि लुकलुकणारी रेघ. वरच्या ओळीत सांगितलेलं की अमुक भागात अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके स्वतः चालवा. पाहणाऱ्याला वाटतं यंत्र मेलं. प्रत्यक्षात यंत्र उठलेलं असतं, अंगणात येऊन उभं असतं. कोठाराचं कुलूप तेवढं उघडत नसतं. 'एफएससीके' म्हणजे फाइल सिस्टम तपासणारी आज्ञा. भाचा पुण्यात नोकरीला. रेंज मिळते ती फक्त देवळाच्या चढावर, म्हणून दादा तिथे छत्री धरून उभा, मी घरात, आणि मधे धाकटी भाची निरोप घेऊन पळतेय, असा आमचा कारभार सुरू झाला. भाच्याने सांगितलं तशी आज्ञा दिली. दोन प्रश्न आले, आणि मग एकामागून एक त्याच ओळी: इनपुट-आउटपुट एरर. भाची निरोप घेऊन गेली आणि धापा टाकत परत आली. "दादा म्हणतोय, आत्ताच्या आत्ता बंद कर. आत्या, काहीच करू नको."

ते 'काहीच करू नको' फार मोलाचं ठरलं. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचे आजोबा नसरापुरात एका पेढीवर कारकून होते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत टिपायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचा, ही त्यांची शिस्त. उतरवता उतरवता मधेच उठावं लागलं तरी फिकीर नसे. कीर्द उघडायची, काय राहिलं ते पाहायचं, खतावणी पुरी करायची. लिनक्सची डिस्क नेमकी अशीच चालते. रेमी कार्ड यांनी १९९३ मध्ये केलेल्या 'एक्स्ट-टू' या रचनेत फक्त खतावणी होती. मधेच वीज गेली की पुढच्या वेळी यंत्र सगळी पानं पहिल्यापासून ताडून बघे, आणि मोठ्या डिस्कला त्यात खूप वेळ जाई. स्टीफन ट्वीडी यांनी तिला कीर्द जोडली. ती 'एक्स्ट-थ्री' २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली, आणि २००८ च्या डिसेंबरात 'एक्स्ट-फोर' वापरायला पक्की झाली. आमच्या घरी होती ती हीच. कीर्द ठेवणाऱ्या फाइल सिस्टमची कल्पना त्याआधीची; वेरिटास कंपनीने तशी एक १९९१ मध्येच बाजारात आणली होती, आणि पुढे तिचं मोठं केंद्र पुण्यात होतं.

मग कीर्द असताना आमची डिस्क बिघडली कशी? एक तर या कीर्दीत सहसा मजकूर लिहिला जात नाही. कुठली फाइल कुठे ठेवली, एवढाच व्यवहार लिहिला जातो. आणि दुसरं, जे आमच्याकडे झालं होतं: वहीचं पानच कुजलं असेल तर कीर्दीतून ते पुरं करता येत नाही. डिस्कवरच्या काही जागा वाचताच येत नव्हत्या. अशा डिस्कवर एफएससीके चालवणं म्हणजे कुजक्या पानावर खाडाखोड करणं. न वाचता आलेली जागा ते रिकामी समजतं, त्या समजुतीवर पुढचा निकाल देतं, आणि तो निकाल त्याच पानावर लिहितं. शिवाय मरायला टेकलेल्या डिस्कचं प्रत्येक वाचन हे तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होत असतं.

वाडीत येणाऱ्या वायरमनला मी विचारलं, पावसात इतकी लाईट का जाते. खांबाला शिडी लावलेली, अंगावर रेनकोट. "पावसानं नाही जात ताई. फांदीनं जाते," तो म्हणाला. ओली फांदी तारेला टेकली की फीडर ट्रिप होतो, वरून पुन्हा चालू करतात, फांदी तिथंच असते, पुन्हा ट्रिप. "गेली की गेली, त्याचं काही नाही. येते-जाते-येते, त्यात वस्तू जळतात." आमच्या कॉम्प्युटरला वीज आली की आपोआप उठायची सवय लावलेली होती. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली. म्हणजे त्या दिवशी तो किती वेळा अर्धवट उठला आणि पडला असेल, याचा हिशेब लागणं शक्य नाही. मराठी शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं, शाळेचा संगणक ते जूनमध्येच गुंडाळून ठेवतात आणि दिवाळीनंतर काढतात.

भाचा शनिवारी येणार होता. मधल्या दिवसात डिस्क काढून, वर्तमानपत्रात आणि मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी भोरला गेले. कापूरहोळवरून वळलं की रस्ता सरळ गावात जातो. बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. मालकाने डिस्क हातात घेतली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो. दोन तासांनी या." आतलं? "आतलं नाही राहणार." मी ती परत मागून घेतली. तो वाईट माणूस नव्हता. चहा मागवला आणि मोकळेपणाने बोलला: येणाऱ्या माणसाला यंत्र चालू झालेलं हवं असतं, तेही आजच, सात-आठशे रुपयांच्या वर कुणी जात नाही, आतलं काढायला दोन दिवस बसलो तर दुकान कोण चालवणार? त्याचं गणित मला पटलं. पण त्याच गणितात किती घरांतले बारशाचे व्हिडिओ आणि गेलेल्या माणसांचे आवाज फळीवरच्या त्या रांगेतून पुसले गेले असतील, हा विचार तिथून निघाल्यावरही सुटेना. यंत्र चालू करणं आणि आतलं वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं आधी करायचं असतं, आणि आपल्याकडे पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याचा बळी जातो. फॉरमॅट हा शब्द आपण औषधासारखा वापरतो.

भोरात तरी हे होऊ नये असं मला वाटतं. हे पंतसचिवांचं गाव. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथल्या राजाची पदवीच 'पंतसचिव' होती, आणि अष्टप्रधानांतल्या सचिवाचं काम होतं राज्याचं दफ्तर: राजपत्रं तपासायची, त्यातलं अधिक-उणं दुरुस्त करायचं, महालांचे हिशेब पाहायचे. याच तालुक्यात कारी आहे, जेधे देशमुखांचं गाव. त्या घराण्याने जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाकडून छापली गेली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी त्यात होती. तोवर १६२७ हे साल धरून चालणाऱ्या इतिहासाला त्या कागदाने हलवलं. शकावली म्हणजे तरी काय? कोणत्या साली काय घडलं याच्या एकेका ओळीच्या नोंदी. एका घराने ती रद्दीत घातली नाही, एवढीच तिची पुण्याई.

शनिवारी भाचा आला. पाठीवरच्या पिशवीत दोन टीबीची नवी डिस्क, जुनी डिस्क यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर, आणि 'सिस्टमरेस्क्यू' नावाचं लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह. त्याने घरच्या कॉम्प्युटरला हातच लावला नाही. स्वतःचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला, जुनी डिस्क जोडली, आणि आधी तिची तब्येत विचारली. डिस्क स्वतःच्या आजाराची नोंद स्वतः ठेवते, ती वाचायची आज्ञा असते. वाचता न येणाऱ्या, निकाल लांबलेल्या जागा: १६८. "अजून जिवंत आहे," तो म्हणाला, "पण घाई करायला हवी."

मग 'डीडीरेस्क्यू'. आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेली ही आज्ञा मला सगळ्या प्रकारात सर्वात शहाणी वाटली. साधी नक्कल करणारी आज्ञा खराब जागेपाशी अडखळते आणि तिथेच डोकं आपटत बसते. ही तसं करत नाही. आधी सुखासुखी वाचता येईल ते सगळं उचलून घेते, अडलेली जागा टिपून पुढे सरकते, आणि सगळं झाल्यावर अडलेल्या जागांकडे वळते; कडेने कुरतडत, उलट बाजूने, पुन्हा पुन्हा. काय झालं, काय राहिलं याचा नकाशा ती एका वेगळ्या फाइलीत लिहीत जाते. डिस्क पाचशे जीबीची. पहिल्या फेरीला सहा तास लागले. त्या सहा तासांत लाईट तीनदा गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण जुन्या डिस्कला बाहेरून वीज लागते, ती पडली. प्रत्येक वेळी भाचा शांतपणे उठला, लाईट येऊन स्थिर होईपर्यंत दहा मिनिटं थांबला आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. नकाशा वाचून तिने जिथे सोडलं होतं तिथून सूत धरलं. वेल्ह्यातल्या पावसाळ्यासाठीच कुणी ही आज्ञा लिहिली असावी, असं वहिनी म्हणाली.

रात्रभर ती कुरतडत राहिली. आम्ही आळीपाळीने जागलो. पत्र्यावर पाऊस, मधूनच डिस्कची टकटक, आणि पडद्यावर 'राहिलेलं' या रकान्यातला आकडा हळूहळू उतरतोय. पहाटे तो दोन एमबीच्या खाली येऊन थांबला. पाचशे जीबीतले दोन एमबी. पुढे सरकेना तेव्हा भाच्याने जुनी डिस्क काढली, तिच्यावर तारीख लिहिली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. नव्या डिस्कवरच्या प्रतीची अजून एक प्रत केली. आता जे काही खेळायचं ते तिच्याशी.

ती प्रतही उघडेना. सुरुवातीचाच तुकडा गेलेला, ज्याला 'सुपरब्लॉक' म्हणतात. एकूण जागा किती, तुकडा केवढा, याद्या कुठे, हे सगळं त्यात असतं. गावाचा नकाशाच म्हणा. पण ज्यांनी ही रचना केली त्यांनी नकाशाच्या प्रती गावभर पेरून ठेवल्या आहेत. डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडलेले असतात आणि ठरावीक गटांच्या तोंडाशी एकेक प्रत असते: शून्यापासून मोजलं तर एक नंबरच्या गटात, आणि मग तीन, पाच, सात यांच्या घातांच्या गटांत. म्हणून पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या तुकड्यात, पुढची ९८३०४ मध्ये, मग १६३८४०. भाच्याने एफएससीकेला सांगितलं, नकाशा ३२७६८ वरून घे. आणि ते चालू लागलं.

त्याच्या पाच फेऱ्या असतात. पहिलीत एकेका नोंदीची तपासणी, दुसरीत फोल्डरांची, तिसरीत प्रत्येक फोल्डर मुळाशी जोडलेला आहे का, चौथीत कुठल्या नोंदीकडे कितीजण बोट दाखवतात, पाचवीत गोळाबेरीज. थिओडोर त्सो गेली कित्येक वर्षं हे हत्यार सांभाळत आहेत. पंधरा-वीस मिनिटांत ते संपलं. दादाचे हिशेब जागच्या जागी होते, फोटो होते, सोसायटीची कागदं होती. ओव्यांचा फोल्डर नव्हता.

त्याच्याऐवजी 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरात १९६ फाइली होत्या. नावं अशी: #१३१०७४, #१३१०७५, #१३१०७६.

हे नीट कळायला आमची शेतं उपयोगी पडली. घरात आम्ही म्हणतो वडाचं खाचर, लांबटा, विहिरीखालचं. आमच्या सातबाऱ्यावर यातलं एकही नाव नाही. तिथे गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पीक असतं. लिनक्समध्येही फाइलचं नाव फाइलपाशी नसतंच. फाइलीचा सातबारा म्हणजे 'आयनोड': आकार किती, तारीख कोणती, मजकूर डिस्कवर कुठे कुठे आहे, हे त्यात. नाव असतं ते फोल्डरात, त्या नंबरासमोर लिहिलेलं. आमचा ओव्यांचा फोल्डर त्या दोन एमबीत गेला होता. शेतं होती, सातबारे होते, नावं गेली होती. तपासणीने ही बेवारस शेतं एका जागी आणून, गट नंबर हेच नाव देऊन ठेवली होती.

२१२ मधल्या सोळा तर तिथेही नव्हत्या. बरोबर सोळाच का, हेही भाच्याने समजावलं. एका तुकड्यात ४०९६ बाइट, एका आयनोडला २५६. म्हणजे एका तुकड्यात सोळा आयनोड. सातबाऱ्यांचं एक पान कुजलं आणि एका ओळीतले सोळा गेले. त्यांच्यासाठी 'फोटोरेक' चालवलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाचं ते काम. ते नकाशा मागत नाही, सातबारा मागत नाही. रानात पीक पाहत हिंडावं तसं सगळी डिस्क हुंगत जातं आणि ध्वनीच्या फाइलीची सुरुवात ओळखली की तिथून पुढचं उचलतं. त्याने अकरा आणून दिल्या, ना नाव, ना तारीख. पाच नाही मिळाल्या. त्या कुठल्या होत्या, हे समजायलाही आता मार्ग नाही.

दोनशे सात ओव्यांना परत नावं द्यायचं काम माझ्याकडे आलं. नंबरवाल्या फाइलींना तारखा तरी शाबूत होत्या. बाकीचं कानाने. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर आषाढ-श्रावणातली. मागे कोंबडा, म्हणजे पहाटेची. जात्याची घरघर जड असेल तर नाचणी, मोकळी असेल तर तांदूळ. हे मला कळत नव्हतं, वहिनीने शिकवलं. एकीत आई मधेच थांबून मलाच विचारते, चालू आहे का ते? ती फाइल मी तिथल्या तिथे चारदा ऐकली.

आता एक डिस्क वाडीत आहे आणि एक माझ्याकडे पुण्यात, आणि दर अमावास्येला दादा नवी प्रत घेतो, कारण ती तारीख त्याच्या लक्षात राहते. यूपीएसला नवी बॅटरी बसवली. लाईट आली की आपोआप उठायची कॉम्प्युटरची सवय मोडली. भोरच्या त्या दुकानातही मी परत जाऊन आले, सिस्टमरेस्क्यूचा एक पेनड्राइव्ह देऊन. मालकाने ठेवून घेतला. विचारलं तर दोन कामं त्यावर केली म्हणाला.

#१३१०९२ ही फाइल मात्र राहिली होती. आवाज आईचा नव्हता. जात्यावर समोरासमोर दोघी बसतात, एकीने धरलं की दुसरी उचलते, आणि यात पहिलं धरणारीच वेगळी होती. वहिनी म्हणाली, शेजारच्या काकी असतील. वाडीच्या वरच्या अंगाला गिरणी आल्यापासून काकींनी जात्याला हात लावलेला नाही. गणपतीच्या आधल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पडवीत गेले. त्या वाल सोलत होत्या. आवाज सुरू झाला तशी हातातली शेंग तशीच राहिली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चैतातलं आहे हे."

मी तारीख पाहिली. ९ एप्रिल २०१७.

"खुंटा ढिला झाला होता जात्याचा. ऐक, खटखटतंय बघ. तुझी आई म्हणाली राहू दे, म्हणून तसंच दळलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या दादानं पाचर मारली."

मी नंबर खोडला आणि लिहिलं: खुंटा ढिला, चैत्र, काकी आणि आई.

"पुढचं लाव," काकी म्हणाल्या.